कांदेवाल्या ओळीचे दहा औंस

माझ्या भावाला वाईट बातमी जेवतानाच द्यायची सवय आहे. समोरच्याच्या तोंडात घास असला की त्याला ओरडता येत नाही, एवढं त्याला बरोबर कळतं. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी मी मक्याचं कणीस दातांत धरलेलं असताना आर्मंड म्हणाला, "क्लॉडेट, यंदा तोडणी झाली की एकोणीस ओळी उपटतोय. व्यापाऱ्याला एवढा हॉप नकोय. तुझी ती कोपऱ्यातलीपण त्यात आली."

मी घास कसाबसा गिळला. "माझी का?"

"कारण तिला कांद्याचा वास येतो."

"तुझ्या बुटांनापण येतो. ते फेकलेस का कधी?"

"बुटांची बिअर करून कोणाला विकायची नाहीये मला," तो म्हणाला आणि बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. हॉपची वाळलेली बोंडं बिअरला कडूपणा आणि वास देतात, आणि त्या वेलांचं हे शेत आमच्या वडिलांचं. ते आर्मंड बघतो आणि हॉप वाळवायची भट्टी मी बघते. त्या वर्षी अख्ख्या याकिमा खोऱ्यात लोक वेल उपटत होते, आमच्याच शेताला वेगळा न्याय कुठून मिळणार? पण ती ओळ माझी होती. चौदा वर्षांपूर्वी कालव्याच्या काठी मला एक रानटी वेल सापडला होता. त्याचं मूळ खणून आणलं, पूर्वेच्या कोपऱ्यात लावलं, दरवर्षी वाढवत नेलं. आता बेचाळीस वेल होते. मी आयुष्यात दोनच गोष्टी संपूर्ण स्वतःच्या हिमतीवर केल्या, एक घटस्फोट आणि दुसरी ही ओळ. आणि त्या ओळीला सगळं शेत 'कांदेवाली' म्हणायचं.

तीन वेळा आर्मंडने तिचा नमुना व्यापाऱ्याला दाखवला होता. व्यापारी वाळलेली बोंडं तळहातावर चोळायचा, नाक खुपसायचा आणि हसायचा. शेवटच्या वेळी त्याने विचारलं होतं, "याच्याबरोबर बर्गर कुठाय?" मी स्वतःही एकदा त्या हॉपची बिअर केली होती. तिची चव शिळ्या सूपसारखी लागली. ती मी गुलाबांना घातली आणि गुलाबांनीही फारसं मनावर घेतलं नाही.

सोमवारी सकाळी मी ओळ बघायला गेले. टोकाच्या खांबाला आर्मंडने नारिंगी फीत बांधून ठेवली होती. उपटायच्या ओळींची ती खूण. घरात कोणी आजारी असताना शेजाऱ्याने कफनाचं माप विचारावं, तसं वाटलं मला. फीत सोडायला हात पुढे केला तेवढ्यात वेलांखालून आवाज आला, "असू द्या, दोन्या क्लॉडेट. तुम्ही सोडलीत तर ते दोन बांधतील."

चेबो होता. त्याचं खरं नाव एउसेबियो. आमचा मुकादम, सीमेपलीकडच्या मिचोआकानहून आला त्याला एकतीस वर्षं झाली. 'दोन्या' म्हणजे त्यांच्याकडचं 'बाईसाहेब'. पाण्याची नळी गळत होती, ती बांधत तो मातीत बसला होता.

"बघून घे शेवटचं," मी म्हटलं. "कांदेवाली चालली."

चेबोने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "तुम्ही सगळे हिला कांदेवाली का म्हणता, ते मला कधी कळलंच नाही बघा."

"तुझं नाक काम करतं ना?"

"माझं करतं. तुमचं विचारा." त्याने हात वर करून एक बोंड तोडलं, दोन्ही तळव्यांत चोळलं आणि ओंजळ माझ्या नाकासमोर धरली.

संत्र्याची साल. पिकलेलं जर्दाळू. आणि मागून पाइनच्या झाडाची जराशी चाहूल. मी पुन्हा हुंगलं. मग स्वतः दुसरं बोंड तोडलं, तिसरं तोडलं. तळव्यांना पिवळी पूड चिकटली. कांद्याचा मागमूस नव्हता.

"दर ऑगस्टला असाच वास असतो," चेबो म्हणाला. "मी नळ्या बघायला येतो तेव्हा मुद्दाम इथे बसून डबा खातो."

"मग एकतीस वर्षांत तोंड का नाही उघडलंस?"

"ओळ चौदा वर्षांची आहे. आणि मला कोणी विचारलं का?"

मी तिथेच खाली बसले. हॉप वेलावर जास्त दिवस राहिला की त्याचा वास कांदालसणाकडे झुकतो, हे या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठ्या शेतांतली बोंडं आम्ही रोज तपासतो, दोन दिवस इकडेतिकडे होऊ देत नाही. पण एका ओळीसाठी कोण तपासणार? ती मी लावली पूर्वेच्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यातला बाकीचा सगळा हॉप उशिरा पिकणारा. तोडणीचं यंत्र पश्चिमेकडून निघतं आणि महिन्याभराने तिथे पोचतं. मग शेजारणींबरोबर हिलाही कापून नेतं. माझ्या भट्टीत ही यायची ती सप्टेंबरच्या अखेरीला, महिनाभर जास्त पिकून. तोवर मी इतकी थकलेली असायचे की कधी एकदा भट्टी विझते असं व्हायचं. चौदा वर्षं मी हिला चुकीच्या वेळी तोडत होते आणि वर हिलाच नावं ठेवत होते. व्यापारी हसला होता, पण गाढवपणा माझा होता. खूप लाज वाटली.

मी मूठभर बोंडं घेऊन यंत्राच्या शेडकडे पळाले. एकसष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच माहीत. आर्मंड यंत्राखाली आडवा होता. दुसऱ्या दिवशी तोडणी सुरू व्हायची होती आणि नेमका पट्टा तुटला होता.

"वास घे," मी म्हटलं.

त्याने काळाकुट्ट हात पुढे केला, बोंड चोळलं, हुंगलं. "डिझेल," तो म्हणाला.

"मूर्खा, तो तुझा हात आहे!"

"क्लॉडेट, वेलावर सगळेच हॉप छान असतात. ग्लासात काय उतरतं ते खरं. मला आज वेळ नाही."

"मग यंत्र आधी माझ्या ओळीवर ने. आत्ता पिकलीय ती."

"एका ओळीसाठी अख्खं यंत्र पूर्वेला नेऊ? डोकं फिरलंय का तुझं? हातांनी तोड हवी तर."

"तोडते. आणि तोडणीच्या जेवणाला टेबलावर त्याचीच आयपीए ठेवते. तुझ्या बिअरला हरवलं तर ओळ राहणार."

आर्मंड यंत्राखालून बाहेर सरकला. आयपीए म्हणजे सगळी मदार हॉपवर असलेली बिअर. तोडणी संपली की चर्चमध्ये जेवण असतं आणि तिथल्या टेबलावर घरी केलेल्या बिअरची चढाओढ; चार वर्षं ती तोच जिंकत होता. त्याच्या तोंडावर मिशीखालून हसू पसरलं. "कांद्याची आयपीए मला हरवणार? चालेल. पण हरलीस तर मुळं तू स्वतः उपटायची. आणि रडायचं नाही."

"हात मिळव," मी म्हटलं, आणि त्याच्या डिझेलने माझाही हात बरबटून घेतला.

त्या दिवशी दुपारी मी आणि चेबो ओसरीवर दोन वेल घेऊन बसलो. वरची, उन्हात पिकलेली बोंडं तेवढी वेचली. हाताने हॉप तोडणं आमच्या आजीच्या काळात संपलं, आणि का संपलं ते तासाभरात कळलं. बोटं काळी झाली, मनगटांवर ओरखडे उठले. संध्याकाळपर्यंत तीन पौंड ओली बोंडं जमली. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर आम्हा दोघांना मान वर करायला फुरसत मिळणार नव्हती, आणि तोवर वेलावरच्या बाकीच्यांचा कांदा झाला असता. म्हणजे जे काय होतं ते एवढंच. खिडक्यांच्या जाळ्या काढून माळ्यावर त्यांवर ती पसरली आणि पंखा लावला. वाळवण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. बोंडाची दांडी वाकली तर ओलं, कटकन मोडली तर झालं. बुधवारी दांडी मोडली. वजन केलं, दहा औंस भरलं.

दहा औंसांत पाच गॅलन आयपीए होते, पण एकदाच. चुकायला जागा नव्हती. गुरुवारी डब्याच्या सुटीत मी भट्टीच्या पायरीवर पाकिटामागे आराखडा लिहायला बसले. कुठला हॉप कधी घालायचा ते आम्ही उलटं मोजतो, म्हणजे उकळी संपायला किती मिनिटं उरली त्यावरून. मी वर्षानुवर्षं करते तसं लिहिलं. साठला दोन औंस, तीसला दोन, पंधराला दोन, पाचला दोन, उरलेले नंतर.

चेबोने मागून वाकून पाहिलं. "ही तुमची नेहमीचीच."

"मग? माझी बिअर लोक वीस वर्षं पितायत."

"पितात, हो. डोळे मिटून पितात. ऑरेलिया म्हणते, दोन्या क्लॉडेटची बिअर प्यायली की पापं धुतली जातात."

ऑरेलिया म्हणजे त्याची बायको. तिचे तमाले, मक्याच्या पिठात मांस भरून वाफवलेले, मी तीस वर्षं खातेय, म्हणून हेही गिळलं.

"तुम्ही हॉप उकळून उकळून कडू करता," चेबो म्हणाला. "माझी आई दालचिनी कॉफीत टाकायची ती विस्तव काढल्यावर. विचारलं तर म्हणायची, उकळलीस तर वास घराला आणि काडी तुला."

मला राग आला. मुकादमाने मला बिअर शिकवावी? मग आणखी राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. संत्र्याची साल आणि जर्दाळू तासभर उकळले तर वर वाफेत जाणार, खाली फक्त कडवटपणा उरणार. मी पाकीट उलटं केलं आणि नव्याने लिहिलं. साठला एक औंस, तोही आर्मंडच्या शेतातला साधा कडू हॉप. कडूपणाला तो पुरे. तीसला काही नाही. पंधराला काही नाही. पाचलाही नाही. मग आच बंद, माल्टचा, म्हणजे मोडवलेल्या जवाचा, रस एकशे सत्तर फॅरनहाइटवर उतरू द्यायचा, तेव्हा कांदेवालीचे चार औंस घालून अर्धा तास झाकून ठेवायचे. उरले सहा. ते थंडच, बुधल्यात, यीस्टचं काम संपत आलं की तीन आणि तीन दिवसांनी पुन्हा तीन. मधली जागा इतकी रिकामी ठेवलेला आराखडा मी आयुष्यात लिहिला नव्हता. हात नुसते शिवशिवत होते.

शुक्रवारी माझी आणि चेबोची पाळी दुपारची होती. सकाळी सहालाच आम्ही अंगणात पातेलं चढवलं. माल्टचं पाणी उकळलं, साठचा एक औंस पडला, फेस वर आला, खाली बसला. मी घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. पंधरा मिनिटं उरली आणि माझा हात आपोआप बरणीत गेला. खरंच सांगते, मी ठरवून केलं नाही. वीस वर्षांची सवय ती. मूठभर कांदेवाली पातेल्यावर आली होती, वाफ बोटांना लागत होती, तेवढ्यात चेबोने माझं मनगट पकडलं.

"पंधराला काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग काही नाही टाका."

मी मूठ बरणीत उघडली. पुढची पंधरा मिनिटं त्याने बरणी स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली.

रस तळघरात बुधल्यात भरला, यीस्ट घातलं, आणि दुसऱ्या दिवशी तो जोरात फसफसायला लागला. चौथ्या दिवशी मी तळघराचं दार उघडलं. गंधकाचा वास. अंडी, कोबी, आणि हो, थोडा कांदा. तेवढ्यात आर्मंड हातोडा मागायला जिन्यावर आला. त्याने नाक वर केलं, हुंगलं आणि असा हसला की त्याला कठडा धरावा लागला.

"अगं, कुदळ तयार ठेवू का?"

मी त्याला हातोडा दिला, डोक्यात घातला नाही. यीस्ट जोरात असलं की असा वास सुटतो आणि जातो, हे मला पाठ आहे. तरीपण त्या दिवशी भट्टीवरून घरी येऊन जिन्यावर बसून रडले. एवढं होऊनही ती कांदेवालीच निघाली तर? मग चूक वेळेची नव्हती, माझीही नव्हती, ती मुळातच वाईट होती. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

सहाव्या दिवशी वास निवला. मी पहिले तीन औंस घातले. नवव्या दिवशी उरलेले तीन घातले आणि बरणी उलटी करून तळाची पूडही झटकली. तेराव्या दिवशी बुधल्याचं तोंड उघडलं, आणि तळघरात कोणी संत्र्यांची पेटी फोडल्यासारखं झालं. मी एकटीच होते. बुधल्याला मिठी मारली. त्यात काही लाजण्यासारखं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, तोडणी संपल्यावर, चर्चच्या सभागृहात जेवण होतं. मालक, मजूर, ट्रकवाले, सगळे असतात. ऑरेलियाचे तमाले असतात, आमच्या नात्यातल्या बायकांच्या खिमा भरलेल्या पाई असतात, आणि भिंतीलगत लांब टेबलावर घरी केलेल्या बिअरचे जग असतात, नुसते आकडे लावलेले. कुठला जग कोणाचा हे फक्त सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना ठाऊक असतं. दारातच प्रत्येकाला हॉपचं एक वाळलेलं बोंड मिळतं. जी बिअर आवडेल तिच्यापुढच्या बरणीत ते टाकायचं. आर्मंड दरवर्षी स्वतःची बिअर चवीवरून ओळखतो आणि स्वतःलाच मत देतो. लपवतही नाही, वर बोंड हवेत उडवून झेलून दाखवतो.

माझा आकडा होता सात. मी खांबाआड उभी राहून बघत होते. चेबो शेजारी तमाला खात होता, पण दहा मिनिटांत त्याने एकच घास घेतला होता.

आर्मंड टेबलाच्या कडेने सरकत आला. एकचा घोट, तोंड वाकडं. दोन, मान डोलली. चार प्यायला आणि मिशीतल्या मिशीत हसला, म्हणजे चार त्याची. मग पाच, सहा. मग सात.

त्याने घोट घेतला आणि थांबला. ग्लास उजेडाकडे धरला. नाक खुपसलं, चांगलं दोनदा. पुन्हा घोट घेतला. मग जग उचलून ग्लास काठोकाठ भरला. त्या टेबलावर दुसऱ्याची बिअर त्याने पुन्हा भरून घेतलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ए, सात कोणाची?" तो सभागृहाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला. "कुठला हॉप आहे हा? कुठल्या शेतातला?"

 मी खांब घट्ट धरला.

"हा हॉप ज्याच्याकडे आहे त्याने लपवून काय ठेवलाय? मला मुळं द्या, मी उद्या दहा एकर लावतो!" आणि त्याने आपलं बोंड काढलं, हवेत उडवलं, झेललं, आणि सातच्या बरणीत टाकलं.

चेबोच्या घशात तमाला अडकला. मी त्याच्या पाठीत चार धपाटे घातले, आणि खरं तर मलाच कोणीतरी धपाटे घालायला हवे होते. मग शांतपणे जाऊन माझं बोंडही सातमध्ये टाकलं. स्वतःलाच मत दिलं. घराण्याची रीतच आहे ती.

मोजणी झाली. आर्मंडच्या बरणीत चोवीस निघाली, माझ्या बरणीत एकावन्न. बाईंनी चिठ्ठी उघडून वाचलं, "सात. क्लॉडेट. हॉप, पूर्वेच्या कोपऱ्यातली ओळ."

 मग यंत्रावरचा एकजण ओरडला, "कांदेवाली!" आणि जो गलका उठला! लोक टेबलं बडवायला लागले, ट्रकवाले बाकांवर चढले, ऑरेलियाने मला कवटाळून गालांचे पटापट मुके घेतले. "बाई गं," ती म्हणाली, "आणि पापंपण धुवावी लागली नाहीत!" मी हसत होते आणि नाक गळत होतं, दोन्ही एकदम.

आर्मंड मात्र टेबलावरच्या सात नंबरच्या जगाकडे बघत उभा होता. मग माझ्याकडे आला. "क्लॉडेट, डिझेल नव्हतं ना ते?"

"नव्हतं."

"दहा एकर म्हणालो मी. सगळ्यांनी ऐकलं?"

"चर्चमध्ये म्हणालास," मी म्हटलं. "आता तुझं आणि देवाचं."

जेवण तसंच टाकून तो मला ट्रकमध्ये घालून शेतावर घेऊन गेला. दुपारचे तीन वाजले होते. चेबो मागे उभा होता, हातात त्याचा तो अर्धा तमाला. पूर्वेच्या कोपऱ्यात आर्मंडने खिशातून सुरी काढली, खांबावरची नारिंगी फीत कापली आणि खिशात घातली. मग आम्ही शेडमध्ये गेलो. तिथे दारामागे काळा फळा आहे. त्यावर तोडणीचा क्रम खडूने लिहिलेला असतो, वडिलांच्या काळापासून, पश्चिमेकडून पूर्वेकडे. तळाशी, सगळ्यात शेवटी, पूर्वेचा कोपरा.

आर्मंडने सगळा फळा बाहीने पुसला. पुढच्या वर्षाची तारीख घातली. खडू घेऊन पहिल्या ओळीवर थांबला. "नाव काय लिहू? आता तुझं नाव देऊ या हिला. क्लॉडेट हॉप. व्यापाऱ्यालाही बरं वाटेल."

मी विचार केला. चौदा वर्षं जिला सगळे हसले, ती काय आता माझ्या नावाआड लपणार? "कांदेवालीच लिही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी व्यापारी येईल, त्याला आधी नाव वाचू दे. मग वास घेऊ दे."

त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, एक नंबरला. चेबोने तमाल्याचा शेवटचा घास खाल्ला, हात विजारीला पुसले आणि विचारलं, "मग यंत्र ऑगस्टमध्ये आधी पूर्वेला न्यायचं?"

"आधी पूर्वेला," आर्मंड म्हणाला. "आणि कधी न्यायचं ते तू सांगायचं. या वेळी मी विचारतोय."